आरपार भोक की घोटाभर लाट

डुनेडिन, बुधवार

आदरणीय मोसेसे मामा,

अख्ख्या टोंगात ज्याच्यासारखा होडीचा कारागीर नाही अशा माझ्या मामाला केलेपीचा वाकून नमस्कार. (इथल्या थंडीने पाठ आधीच वाकलेली आहे, त्यामुळे वेगळे कष्ट पडले नाहीत.) तुझी कंबर कशी आहे? मामी कळवते की आंब्यावरून पडल्यापासून तू शिडी वापरतोस. ती हेही कळवते की परवा शिडीवरूनही पडलास. डुकरं धष्टपुष्ट असतीलच. मी बरा आहे, म्हणजे जेवतो. झोपेचं विचारू नकोस.

गोष्ट अशी की पुढची दोन वर्षं पदार्थविज्ञानातलं नेमकं काय करणार, त्याची खूण मला शुक्रवारी चारपर्यंत एका कागदावर करायची आहे. चौकोन दोनच. पहिला प्राध्यापक स्टर्ट बाईंचा: लाट किनाऱ्यावर किती आत शिरते ते मोजायचं. दुसरा डॉ. हार्टलींचा: कृमिविवरं. म्हणजे किडा आंब्याला वळसा न घालता आरपार पोखरत जातो ना, तसं अवकाशातलं भोक. असं भोक कुणी पाहिलेलं नाही, कुणाला दिसण्याची आशाही नाही, आणि खुद्द हार्टली म्हणतात की बहुधा नसावंच. मामा, माझा जीव तिथेच अडकलाय. वर्ग कुठलाही असो, माझ्या वहीच्या समासात भोकंच भोकं. पण हार्टलींचा आधीचा विद्यार्थी आठ वर्षं असल्या भोकाच्या तोंडाशी बसला आणि आता तळमजल्यावर कॉफी विकतो. (कॉफी उत्तम असते. तो आनंदीही दिसतो, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटते.)

त्यात रविवारी लाविनिया आत्या चर्चच्या गायनमंडळींबरोबर इथे अवतरल्या. आता बापाच्या बहिणीपुढे आपल्यात कुणाची मान वर होते? प्रार्थनेनंतरचं जेवण, ऐंशी माणसं, मध्ये भाजलेलं डुक्कर, आणि पार त्या टोकावरून आत्यांची हाक: "केलेप्या, तू नक्की शिकतोस तरी काय रे?" मी घाबरून खरं तेच बोललो. म्हटलं, "भोकं, आत्या."  मग आत्या उठल्या आणि त्यांनी जाहीर केलं की पोरगा विहिरी खणायला शिकतोय, गावाला गोडं पाणी मिळणार! टाळ्या पडल्या. पाद्रीबाबांनी माझ्या हातांना आशीर्वाद दिला. कुणीतरी विचारलं, "किती खोल खणणार?" मी म्हटलं, "अजून सिद्ध व्हायचंय." आत्यांचा शब्द खोडायची हिंमत तुझ्यातही नाही, तेव्हा हसू नकोस.

सोमवारी म्हटलं, निदान लाटा तरी पाहून घेऊ, विहिरीला त्या त्यातल्या त्यात जवळच्या. स्टर्ट बाईंच्या तळघरात वीस हात लांब काचेची टाकी आहे. एका टोकाला फळी, दुसऱ्या टोकाला वाळूचा उतार आणि त्यावर काड्यापेटीएवढी घरं. बाईंनी फळी ढकलली. लाट उठली ती केवढी, तर माझ्या घोट्याएवढी. ती घरांपर्यंत पोचायच्या आत मी खोलीबाहेर होतो. जिने चढत सुटलो. चौथ्या मजल्यावर जिना संपला म्हणून थांबलो. खाली आलो तेव्हा बाई तशाच उभ्या होत्या. म्हटलं, "पोट बिघडलं." त्या म्हणाल्या, "पोट बिघडलेली माणसं पाच जिने चढत नाहीत."

तसाच हार्टलींकडे गेलो आणि म्हटलं, तुमचाच चौकोन पक्का. त्यांनी चष्मा पुसला. "तू भोकाकडे येतोयस, की कशापासून तरी पळतोयस?"  मामा, त्या दिवशी समुद्र गावात शिरला तेव्हा माझे पाय जागचे हलत नव्हते. तू मला दंडाला धरून टेकडीवर ओढत नेलंस. भोकाच्या गणितात कुणी बुडत नाही. मला ते गणित आवडतं, अगदी मनापासून आवडतं. पण त्यातलं आवडणं किती आणि लपायला जागा मिळाल्याचं सुख किती, हे काही केल्या वेगळं काढता येईना.

काल आत्यांना विमानतळावर पोचवायला गेलो. मंडळी बॅगा मोजत होती. आत्यांनी मला बाजूला घेतलं. "विहिरी नाहीत एवढं कळतं मला. ऐंशी माणसांत तुझी फजिती नको म्हणून बोलले. कसली भोकं?" मी सांगितलं. आंबा, किडा, आरपार जाणं. आणि गणित जमलं तर कदाचित मागच्या काळातही बाहेर पडता येईल, हेही. आत्यांनी एकदा बॅगा मोजणाऱ्या मंडळींकडे पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "त्या सकाळी बाहेर पडता येईल का रे? तुझे आतोबा जाळी आणायला किनाऱ्यावर गेले, त्याच्या थोडं आधी?"

आत्यांना मी जन्मात पहिल्यांदाच 'नाही' म्हणालो. म्हटलं, भोक ज्या दिवशी तयार होईल, त्याच्या मागे जाता येत नाही. गणितच तसं आहे. त्यांनी मान हलवली. "बरं. मी गेले असते." मग माझी कॉलर नीट केली आणि त्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.

तुझा भित्रा भाचा,
केलेपी

ता. क. खूण करून टाकली. लाटांच्या चौकोनात, पेनाने. हार्टली चिडले नाहीत. म्हणाले, "भोकं कुठे पळतात? जे मुळात नाही ते पळणार कसं? गुरुवारी चहाला येत जा."

दुसरा ता. क. पत्र ज्यासाठी लिहिलं ते आता लिहितो. आपल्या बाजूला पाणी कुठवर आलं होतं, हे कुणी मोजलेलंच नाही, आणि बाईंना ते आकडे हवेत. किनाऱ्यापासून मोजायला लांब दोरी घे. आतोबा सापडले ती जागा आत्यांना ठाऊक आहे, पण त्या तिकडे एकट्या जात नाहीत. तू बरोबर जा. दोरीचं एक टोक त्यांच्या हातात दे. हे त्यांना सांगायचं कामही तुझंच, माझी छाती होत नाही.

तिसरा ता. क. बाईंनी टाकीजवळ माझ्यासाठी स्टूल ठेवलंय, अगदी दाराला लागून. आज मी ते वीतभर आत सरकवलं.