चित्रातला डावा हात

मी, खाली सही करणारा, पूर्वीचा विज्ञानशिक्षक आणि सध्या घरातली अडगळ, वय वर्षे एकोणऐंशी, कोणी भरीस न घालता हे इच्छापत्र लिहीत आहे. डोके शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. पत्नीचे मत वेगळे आहे, ते तिला विचारावे. यापूर्वीचे इच्छापत्र रद्द समजावे.

१. राहते घर व बँकेतील ठेव पत्नीची. ती असेपर्यंत मुलाने त्यावर हक्क सांगू नये. तो सांगणारही नाही, पण कायद्याला माणसांची ओळख नसते म्हणून लिहिले.

२. विज्ञानाच्या इतिहासाची पुस्तके व मी चालवलेल्या त्रैमासिकाचे अंक माझ्या शाळेच्या ग्रंथालयास द्यावेत. कुलपात ठेवू नयेत. मुलांच्या हातून फाटले तरी चालतील. मेहुण्याने सोफ्याच्या मोडक्या पायाखाली लावलेले अंक त्याच्याकडेच राहू द्यावेत. त्याने त्यांचा तेवढाच उपयोग केला, पण नेमाने केला.

३. प्रयोगांच्या पेट्या, म्हणजे उताराची लाकडी पन्हळ, काचेच्या गोट्या, पाण्याचे घड्याळ व भिंगे, शाळेच्या प्रयोगशाळेतल्या सध्याच्या बाईंना द्याव्यात. माजी मुख्याध्यापकांना पेटीला हात लावू देऊ नये. माझी पहिली भिंगे "अभ्यासक्रमात नाहीत" म्हणून त्यांनी भंगारात घातली होती. मी त्यांना माफ केलेले नाही, आणि मेल्यावर करीन असेही वाटत नाही.

४. आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. जुने प्रयोग जसे झाले तसे मुलांकडून करवून घेणाऱ्या माझ्या पाच पुस्तिका आहेत. त्यांतल्या सगळ्या छायाचित्रांतले हात आमच्या मुलीचे आहेत. पहिल्या पुस्तिकेत ती शाळकरी आहे, पाचव्या पुस्तिकेत नोकरीला लागलेली. चेहरा कुठेच नाही. कॅमेरा धरून मीच ओरडायचो, "तुझं तोंड नको मध्ये, गोटी दिसू दे!" ती गेली. साध्या तापाचे निमित्त झाले आणि आठवड्याभरात घर रिकामे झाले. त्या ओरडण्याची आठवण आली की मला काय होते, ते इथे लिहीत नाही.

ती डावखुरी होती. पन्हळीवरून गोटी सोडायची ती डाव्या हाताने. चित्र बघून शिक्षकही मुलांना डाव्याच हाताने सोडायला लावू लागले, हे मला ठाऊक नव्हते. गेल्या वर्षी प्रकाशकांनी एक प्रश्नपत्रिका पाठवली : "गोटी कोणत्या हाताने सोडावी? कारण द्या." कोण्या गाइडवाल्याने कारणही तयार ठेवले होते : मूळ शास्त्रज्ञ डावखुरा होता. उजवा हात लिहिणाऱ्यांचे गुण गेले. झाडाखाली बसल्या बसल्या शोध लागला, असल्या भाकडकथा मी जन्मभर खोडत आलो, आणि ही माझ्याच पुस्तकातून निघाली.

प्रकाशक म्हणाले, "सर, फोटो उलटे छापू. उजवा हात दिसेल, विषय मिटेल." मी म्हणालो, सरळ खुलासा छापा. हे पत्नीने ऐकले.

"काही छापायचं नाही."

"अगं, धडधडीत खोटं आहे ते."

"असू दे. तुमच्या त्या शास्त्रज्ञावर ढीगभर पुस्तकं आहेत. माझ्या पोरीचं एवढंच काय ते चालू आहे."

त्यानंतर भाजी आणायला म्हणून ती जायची आणि उशिरा यायची. एकदा मी शोधायला गेलो. शाळेच्या मागच्या बाजूला, प्रयोगशाळेच्या खिडकीशी, ती रिकामी पिशवी घेऊन उभी होती. आत बाई म्हणाल्या, "सोडा," आणि वर्गभर डावे हात उघडले. पत्नी हसत होती. मुलगी गेल्यापासून तिला हसताना मी पाहिलेच नव्हते. मी हाक न मारता परत फिरलो आणि भर रस्त्यात रडलो.

५. म्हणून पुस्तिकांचे सर्व हक्क पत्नीकडे जावेत. ती हयात असेपर्यंत छायाचित्रे आहेत तशीच छापावीत, उलटी करू नयेत व कोणताही खुलासा देऊ नये. परीक्षेत तो प्रश्न घालू नये एवढे मात्र प्रकाशकांनी शाळांना कळवावे. उगाच कोणा पोराचे गुण जायला नकोत. इतिहासाच्या दृष्टीने मी चूक करीत आहे. ती समजून-उमजून करीत आहे.

६. पत्नीच्या पश्चात हे हक्क मुलाकडे जातील. तेव्हा त्याने प्रत्येक पुस्तिकेच्या पहिल्या पानावर पुढील मजकूर, एकही शब्द न बदलता, छापावा :

"या पुस्तिकांत गोटी डाव्या हाताने सोडलेली दिसते. त्याला इतिहासात काही आधार नाही. तो हात आमच्या मुलीचा आहे. तिच्या आईला तो हलताना बघायचा होता, म्हणून आम्ही हे इतकी वर्षे सांगितले नाही. आता तुम्ही तुमच्या सोयीच्या हाताने सोडा."

ठिकाण : राहत्या घराची पुढची खोली
दिनांक : ३ मार्च
सही : पुस्तिकांचा लेखक

साक्षीदार, ज्यांनी माझ्यासमोर व एकमेकांसमोर सही केली :
१. समोरचे दातांचे डॉक्टर
२. पुस्तिकांचा बाइंडर

ज्याला मिळायचे आहे त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकील म्हणाले. त्यामुळे पत्नीची सही घेतलेली नाही. तिला हे वाचूनही दाखवलेले नाही. सह्या झाल्या तेव्हा ती भाजी आणायला गेली होती.