शनिवारचा गणवेश

गणिताचे सर,

हे पत्र पेटीत पडणार नाही, म्हणून खरं लिहिते. दोन वर्षांपूर्वी मी भर वर्गात तुमच्या कानाखाली जाळ काढला होता. माझ्या थोरलीच्या तळहातावर तुमच्या पट्टीचे वळ होते. त्याच दिवशी दोन्ही पोरांना शाळेतून काढलं आणि घरीच शिकवायला लागले. नातेवाइकांत वाघीण म्हणून मिरवले.

या आठवड्यात अपूर्णांक होते. सोमवारी कागद कापून गोडीत शिकवलं. मंगळवारी ओरडले. बुधवारी तिने पाव आणि अर्ध्याची बेरीज पुन्हा चुकवली, तेव्हा मी वेणी धरून तिचं डोकं टेबलावर आपटलं. भुवई फुटली. वहीवर रक्त सांडलं. धाकटा न सांगताच कापूस घेऊन आला. कुठल्या खणात असतो, हे त्याला शोधावं लागलं नाही. त्यावरून काय ते समजा.

गुरुवारी, शुक्रवारी अभ्यासाला सुट्टी दिली. शेजारणीला सांगितलं, पोरगी दारावर धडकली.

आज सकाळी थोरली तुमच्या शाळेचा जुना गणवेश घालून दाराशी उभी होती. फ्रॉक मांड्यांपर्यंत आला होता. पाठीची बटणं धाकट्याने ओढूनताणून लावली होती.

"मला सरांकडे परत सोड," ती म्हणाली.

"त्यांचा मार विसरलीस का गं?"

"नाही. पण ते फक्त हातावर मारायचे."

तिची आई,
आणि सध्या तिच्या बाई