कुणाच्या तरी बाळाचा पडदा

सफोतू, सवाई बेट
४ मार्च

चि. फेटूस अनेक आशीर्वाद.

तुझ्या लेकीचे, लोसाचे दिवस भरत आले. रोज संध्याकाळच्या प्रार्थनेत तिचं नाव घेतो. माझ्या डाव्या टाचेची जखम नऊ महिने झाले तरी मिटत नाही. जूनअखेर भरली नाही, तर पाय गुडघ्याखाली काढावा लागेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. कोकोत साखर घालणं सोडलं, तुझी शपथ.

पण तुझ्या पत्राने झोप उडाली. सिझेरियन झालं की बाळाची वार दवाखान्याला द्यायचं लोसाने कबूल केलं म्हणे! वार आपल्या मातीत जाते, म्हणून माणूस कुठेही गेला तरी त्याला जागा असते. तुझी पुरताना बाबांच्या हाताशी मीच होतो. पोरीला सांग, नाही म्हणावं.

तुझा दादा पेनी

लोगन, ऑस्ट्रेलिया
२१ मार्च

ती. दादास सा. न.

मुलगा झाला. साडेतीन किलो. रडतो असा, की चर्चमध्ये तू पहिला सूर लावतोस त्याची आठवण यावी.

अर्धं वाचून रागावायची तुझी खोड जायची नाही. वार डब्यातून घरी आणली, लिंबाखाली पुरली. दवाखान्याने घेतला तो फक्त बाळाभोवतीचा पातळ पडदा. तो धुऊन, वाळवून न भरणाऱ्या जखमांवर लावतात. कुणाच्या तरी मामाचा पाय वाचेल, असं लोसा म्हणाली. कुणाची टाच तिच्या डोळ्यांपुढे होती, ते तूच ओळख. तुमच्या डॉक्टरीणबाईंना विचार. आईच्या मामाने रीतीपायी पाय घालवला, असं या पोराला मी सांगायचं का?

तुझी फेटू

सफोतू
२८ जून

चि. फेटूस आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला तो शरमेने. बाईंकडे तिकडून आलेली पाकिटं होती. आत पडदा, कांद्याच्या पापुद्र्याएवढा पातळ. मी अट घातली, की काम झालं की तो मला परत द्यावा, मी रीतीने पुरीन. बाई हसल्या. परत द्यायला काही उरत नाही, तो जखमेतच विरघळतो, म्हणाल्या. मी तसाच उठून घरी आलो. आठवडाभर प्रार्थनेला बसलो, पण शब्द सुचेनात. मग वाटलं, पुरायला जमीनच लागते ना? ती मी होईन. परत गेलो.

दर आठवड्याला जखम साफ करून नवा पडदा लावत. तो स्वतः कातडी होत नाही, फेटू, माझ्याच कातडीला हाक मारतो. कडेकडेने गुलाबी मांस सरकत आलं. काल बाईंनी पट्टी काढली, ती पुन्हा बांधलीच नाही. देवाची करणी म्हणू, की आयांची? दोन्ही म्हणतो.

ती बाळं कुठली, कुणी सांगत नाही. पण त्यांचं जे मातीत जायचं, ते माझ्या टाचेत गेलं. म्हणून आता जपून चालतो. आज चर्चमध्ये उभा राहून गायलो. घरामागे नीरफणसाचं रोप लावलंय. त्या बाळांतलं एखादं पोर कधी भटकत आलं, तर त्याला इथे जागा आहे.

लोसाला सांग, मामा चुकला. तिची आमच्यावर माया आहेच, ती या टाचेवरही राहू दे.

दोन्ही पायांवर उभा,
तुझा दादा पेनी