चार हार आणि एक पाटली

सोमवार, ३ नोव्हेंबर

वडिलांच्या फुंकणीचा आवाज आज गाडीत बसल्या बसल्या कुठून कानात आला कोण जाणे. लांब, बारीक, न तुटणारी फुंक, आणि सांधा वितळून बसला की एवढीशी चिस्स. त्या फुंकेच्या तालावर मी चौथीच्या सगळ्या कविता पाठ केल्या. मास्तर म्हणत, सोनाराच्या पोराला श्वास कुठे घ्यायचा ते बरोबर कळतं. आता ना ते मास्तर, ना ती फुंक.

असो. स्वारी सुखरूप पोचली. माझ्या नातीचं, आमच्या बडबडीचं, या घरी लग्न ठरलंय. आईबापांमागे तिला मीच वाढवली. माझ्यापाशी ठेव म्हणावी तर तेवढीच. तिच्या होणाऱ्या सासूबाईंनी, म्हणजे आमच्या विहीणबाईंनी, मला मुद्दाम आठवडाभर आधी बोलावून घेतलं. घरातले जुने दागिने कुठल्या काळातले ते सांगा म्हणाल्या. वरची खोली दिलीय. लख्ख उजेड, भलंथोरलं टेबल, खाली फरसबंद अंगण. म्हाताऱ्याला आणखी काय हवं? विहीणबाई पन्नाशीच्या असतील, तुकतुकीत आणि थट्टेखोर. मी पिशवीतून कसोटीचा दगड, वडिलांची जुनी फुंकणी आणि भिंग काढलं तशा म्हणाल्या, "आजोबा, आधी दागिने बघा हं, माझ्या सुरकुत्या नंतर." मी म्हटलं, त्या भिंगातूनही दिसायच्या नाहीत.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

मजेत गेला दिवस. हार चार आहेत, चारही बारीक कड्यांचे, एकाच नमुन्याचे. पण कविता नवी की जुनी हे जसं यमकावरून कळतं, तसं दागिन्याचं वय सांध्यावरून. नमुन्याची नक्कल करता येते, सांध्याची नाही. पहिल्या हाराची तार हातानं ओढलेली, भिंगाखाली कुठे जाड तर कुठे बारीक. सांधा जोडणारा डाख, म्हणजे वितळवून लावलेला धातू, पिवळट, कोळशाच्या शेगडीवर फुंकून लावलेला. तो पाहताना वडिलांच्या मांडीवर बसल्यासारखं वाटलं. चौथ्या हाराची तार यंत्रातली, एकसारखी, निर्जीव. मधले दोन काळानंही मधलेच. पिढीगणिक सून आली की एक हार घडवत असावेत. विहीणबाईंना हे सांगितलं तर लहान मुलीसारख्या टाळ्या पिटल्या.

बुधवार, ५ नोव्हेंबर

आज झीज बघायला घेतली. अंगावर वागवलेलं सोनं झिजतं. कडीला कडी घासून खळगा पडतो, आणि अडकवायचा आकडा रोजच्या काढघालीनं पातळ होतो. इथे चारही आकडे कोरे. हार घातल्यावर एकदाही उघडलेले नाहीत. कड्यांमधले खळगे जेमतेम वर्षभराच्या वापराचे. आणि मागच्या बाजूला प्रत्येक हारावर डाखांचे व्रण, एकाला लागून एक. कडी काढायची, पुन्हा सांधायचं, पुन्हा कडी काढायची. असे आखूड होत गेलेत हार. शेवटी कापून काढलेले, ती टोकं तशीच आहेत.

पण आकडा उघडलाच नाही, तर हे सांधे काय गळ्यात असतानाच लावले? जाळ मानेशी धरून?

विहीणबाई शेंगा सोलत होत्या. त्यांना विचारलं. मान वर न करता म्हणाल्या की आमच्या घरी सुना भरल्या अंगानं येतात आणि मग बारीक होत जातात, हार सैल लोंबला तर बरं दिसत नाही. वर मला टोमणा, की दागिन्याचं वय विचारलं तेवढं सांगावं, बायकांच्या मापात शिरू नये.

वर आलो. चौथा हार माझ्या मनगटाला लावून पाहिला.

घट्ट बसला.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

काढलेल्या कड्यांचं सोनं कुठे गेलं, असं मी विचारायला नको होतं. त्यांनी डावा हात टेबलावर ठेवला. मनगटात पाटली. रोज दिसत होती, पण नीट पाहिली नव्हती. वरून चार रंगांच्या सोन्याचे पट्टे चढवलेले. कसोटीच्या दगडावर चारही हारांच्या रेघा ओढल्या, शेजारी पट्ट्यांच्या. जुळल्या. चारही.

पट्ट्यांखालची मूळ पाटली अखंड ओतीव. मुठीतून निघणं शक्य नाही. लहानपणी हातात चढवलेली असणार. आतली बाजू एकाच हाडाला धरून आरशासारखी झिजलेली. इथे माझ्यातल्या सोनारानं घात केला. भिंगाखाली वय दिसलं की जीभ राहत नाही. पावणेदोनशे वर्षं, म्हणालो. एकाच हातावर.

बोलून गेल्यावर कळलं काय बोललो ते.

त्या मनापासून हसल्या. म्हणाल्या, "अगंबाई, एवढी झाले का मी? मला आपली दीडशेच वाटत होती. विसरायलाच झालं होतं, म्हणून तर तुम्हाला बोलावलं."

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

मग हा नवरदेव कोणाचा मुलगा? — चौथ्या हारातल्या सुनेचा. दुसरं काय. वर्षभराचा वापर. मूल होण्यापुरता.

बडबडीला फोन लागला एकदाचा. येऊ नकोस म्हटलं. लग्न मोड. सगळं सांगितलं, झीज, डाख, पाटली — ती हसत सुटली. आजोबा, मी सासरी जायला नकोय तर सरळ सांगा ना! कविता मात्र झकास झालीय म्हणे, आता चाल लावा.

नंतर फोन लागेना.

फाटकाला कुलूप. विहीणबाई अंगणात उभ्या. वर बघून हात हलवला.

जेवणाच्या ताटाशेजारी पाचवा हार. कोरा. लांब. तुमच्या पसंतीला ठेवलाय म्हणाल्या. पोरीला शोभेल ना?

शनिवार, ८ नोव्हेंबर

पाचवा हार टेबलावर नाही.

भीती वाटली की कविता म्हणायची, ही लहानपणची सवय. पहिली ओळ येते. दुसरी — येत नाही.

भाजीवाल्याला फाटक उघडतात. तेव्हा निसटायचं. पोरीला गाठायचंच. पाय धरीन तिचे, पण —

फाटक वाजलं. भाजीवाला नव्हे. मोटार.

जिन्यावर पावलं. दार वाजतंय. विहीणबाई नव्हेत, त्या दार वाजवत नाहीत —

फटीतून पाहिलं. बडबडी.

सकाळीच नोंदणी कचेरीत जाऊन लग्नाच्या सह्या केल्या म्हणते. मला चकित करायचं होतं. उघडा ना आजोबा, रुसलात का —

गळ्यात पाचवा.

आकडा निघत नाही म्हणते. सकाळी नीट बसला होता, आता सैल पडतोय. तुमची फुंकणी आहे ना, एकच कडी काढून द्या, सासूबाई म्हणाल्या आजोबाच —

आवाज किती बारीक झालाय तिचा. आणि मान — एवढ्या एका दुपारभरात —

उघडतो बाळ, उघ