ताऱ्याच्या डागातलं पाणी

आण्णा, आपल्या शाळेच्या भिंतीवर तुमचं चित्र काढलंय. डोक्याला पटका, तळहातावर नारळ, आणि वर आभाळात एक निळा ग्रह. पेंटरनं तुम्हाला झुबकेदार मिशा दिल्यात. तुम्ही जन्मात कधी मिशा ठेवल्या नाहीत, पण पाणाड्या म्हटल्यावर त्याला मिशा हव्यात असं त्याला वाटलं असणार. खाली ठळक अक्षरांत लिहिलंय, बापानं भुईतलं पाणी शोधलं, लेकीनं आभाळातलं. माझ्या सत्काराच्या भाषणात सरपंच हे बोलले, लोकांना फार आवडलं, आणि वाक्य थेट भिंतीवर गेलं. तेव्हापासून मी त्या भिंतीसमोरून जायचं टाळत होते. गावी यायचं म्हटलं की पुण्यात मला नेमकं काहीतरी काम निघायचं. कारण ते वाक्य खरं नव्हतं, आणि हे गावात फक्त मला माहीत होतं.

तुम्ही गेलात तेव्हा मी सोलापूरला कॉलेजात होते. पुढं मी काय करते ते तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. एक तारा आहे, आपल्या सूर्याहून कितीतरी लहान, मंद आणि तांबडा. लाल खुजा तारा म्हणतात त्याला. आम्ही त्याला शेजारचा म्हणतो, पण मी जन्मले तेव्हा तिथून निघालेला उजेड आत्ता कुठं इथं पोहोचतोय. त्याच्याभोवती अगदी जवळजवळ काही ग्रह फिरतात, चुलीला पाठ लावून बसल्यासारखे. त्यांची एक बाजू कायम ताऱ्याकडं असते, दुसरीकडं कायमचा अंधार. तिथं जाता येत नाही. ग्रह ताऱ्यासमोरून सरकतो तेव्हा त्याच्या कडेची हवा ताऱ्याचा थोडासा उजेड गाळून पाठवते. तो गाळलेला उजेड बघून हवेत काय आहे याचा अंदाज बांधायचा, हे माझं काम. तुम्ही अनवाणी शेतभर फिरून, पाण्याच्या जागी तळहातावरचा नारळ उभा राहायची वाट बघायचात. मीही तशीच वाट बघते, फक्त खुर्चीत बसून.

एका ग्रहाच्या उजेडात आम्हाला पाण्याच्या वाफेची खूण दिसली. आम्ही म्हणालो, असावी. पेपरवाल्यांनी लिहिलं, पाणी सापडलं. गावात ते पोहोचेपर्यंत मी एकटीनं समुद्र शोधला होता. सत्काराला आले तेव्हाच आमच्यातल्या एकीनं शंका काढली होती. अशा ताऱ्यांच्या अंगावर मोठे डाग असतात. ते इतके थंड असतात की तिथं, ताऱ्याच्याच अंगावर, पाण्याची वाफ राहू शकते. आम्ही ग्रहाची म्हणून धरलेली खूण त्या डागांची असली तर? मला हे ठाऊक होतं, आणि मी शाल पांघरून, नारळ मांडीवर घेऊन बसले होते. माइकवरून तुमचं नाव आदरानं घेतलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी गप्प बसले. पुढं ती शंका खरी ठरली. आमच्या गटानं तसं रीतसर छापलं, आणि आमच्या क्षेत्रात त्याचं कुणाला काही वाटलं नाही. हे असंच चालतं. पण आपल्या गावात ते कोण वाचणार? जगाला सांगून झालं होतं, फक्त माझ्या लोकांना सांगायचं राहिलं होतं.

आण्णा, खरी लाज याची नाही. मी लहान आहे, तुमचं बोट धरून खंडोबाच्या दर्शनाला अणदूरला निघालेय. सरळ वाट सोडून तुम्ही ओढ्यात उतरता. ओढ्यात नुसत्या बाभळी, माझ्या पायात काटा मोडतो, मी रडते, तरी तुम्ही वर चढत नाही. वरच्या वाटेला लागून एक शेत आहे. तिथं तुम्ही बोअरचा पॉइंट दाखवला होता, गुलाल टाकून दगड रोवला होता. बोअरच्या गाडीनं दिवसभर खणलं आणि नुसता पांढरा फुफाटा निघाला. अशी आणखी दोन-तीन शेतं होती. तुमच्या सगळ्या वाटा त्या शेतांना वळसा घालून जायच्या. रात्रीच्या जेवणाला आई भाकरी थापतेय आणि मी म्हणते, "आण्णा, त्यांला जाऊन सांगा की, चुकलं म्हनून. मग सरळ जाता येतंय." तुमचा हात ताटातच थांबतो. "तुला लई कळतंय? गप जेव," एवढंच म्हणून तुम्ही उठता. आईनं मला चांगलं झापलं. पण मला तुमची कीव आली नाही, चीड आली. ती चीड मी कॉलेजात नेली. बाप काय करतो असं कुणी विचारलं की शेती म्हणायची.

गेल्या आठवड्यात अणदूरला लग्न होतं, ते काही टाळता येईना. पंगतीत माझ्या शेजारी एक म्हाताऱ्या बाई येऊन बसल्या. वरच्या वाटेच्या त्याच शेतातल्या काकू. मी ओळखलं आणि पानाकडं बघत राहिले.

"तू पाणाड्याची ना गं?"

"व्हय काकू."

"तुझ्या बापानं आमचा बोर दावला व्हता. फेल गेला."

मला वाटलं, आता ऐकून घ्यायचं. पण काकू वरणात भात कालवत शांतपणे म्हणाल्या, "बोराचं काय न्हाय गं. मशीनवाले बी चुकतेत. पन त्या दिसापासनं तुझा बाप आमच्या बांधाला आला न्हाय. आमचं मालक गेलं, सगळा गाव आला, त्यो आला न्हाय. दोघं एका ताटात जेवलेले. आमचं काय चुकलं व्हतं का?"

तो दिवस मला लख्ख आठवतो. तुम्ही टोपी घालून दाराशी बसला होतात. दोनदा चपला घातल्या, दोनदा काढल्या. प्रेत आपल्या गल्लीच्या तोंडावरून गेलं तेव्हा तुम्ही आत जाऊन भिंतीकडं तोंड करून बसलात.

मी म्हणाले, "काकू, आण्णा तवा आजारी होते. तापानं उठता येत नव्हतं त्यांना."

"आगं बाई," त्या म्हणाल्या, "मला कुनी सांगितलं बी न्हाय. इतकी वर्सं मनात धरून बसले." उष्टा हात बाजूला धरून त्यांनी डावा हात माझ्या गालावरून फिरवला आणि स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली.

दुसऱ्या दिवशी मी आपल्या गावातल्या शाळेत गेले. मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, लेकरांना आत्ताच कशाला? पुढच्या उन्हाळ्यात भिंत रंगवायचीच आहे." पण मी मुलांना भिंतीसमोर बसवून सांगितलं, ते पाणी ग्रहावर नव्हतं, ताऱ्याच्या डागांत होतं, आम्ही चुकलो. एका मुलीनं विचारलं, "मग तुमचा सत्कार परत घेनार का?" सगळे हसले. दुसऱ्यांना ताऱ्यावर पाणी असतं हेच जास्त भारी वाटलं. बाकीच्या ग्रहांचं काय, त्यांना हवा तरी आहे का, असं विचारून त्यांनी मला भंडावून सोडलं. अजून माहीत नाही, असं मी चार वेळा तरी म्हणाले असेन. पाच मिनिटांचं काम होतं. त्यासाठी मी वर्षभर तोंड लपवत फिरले.

परत येताना काकू ओट्यावर बसलेल्या दिसल्या. त्यांनी हात केला, मीही गाडीतून हात केला, आणि थांबले नाही. त्यांना खरं सांगणार नाही असं मी ठरवलंय. आता कशाला म्हातारीला दुखवायचं, असं चारचौघांसारखं शहाणपण मी स्वतःला दिवसभर शिकवलं. हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. आण्णा, ते खोटं काकूंना बरं वाटावं म्हणून मी बोललेच नव्हते. त्या विचारत होत्या तेव्हा पंगतीतली माणसं ऐकत होती, आणि मला तुमची लाज वाटली.