लुथरन सेमिनरीला कळवण्याआधी

नवीन जालना,
१४ मे २०२५

प्रिय सोमेश्वरदादास,
नमस्कार.

वाटूरला सगळे खुशाल असाल. वहिनीचा गुडघा कसा आहे? मी बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाल्यापासून तीन वर्षं तू माझ्याशी कामापुरतंच बोललास. तरी हे पत्र शेवटपर्यंत वाच.

महिनाअखेर मी दवाखान्यातली नर्सची नोकरी सोडतेय. तमिळनाडूतल्या एका लुथरन पंथाच्या सेमिनरीत, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या कॉलेजात, प्रवेश मिळालाय. दोनपैकी एक शिक्षण निवडून कळवायचं होतं. एक दोन वर्षांचं, रुग्णांना धीर द्यायला शिकवणारं. ते करून इथंच नोकरी. दुसरी धर्मशास्त्राची पदवी, चार वर्षांची. त्यानंतर बाईलाही पाळक होता येतं. पाळक म्हणजे मंडळी सांभाळणारा, मरणाऱ्याच्या उशाशी बसणारा.

त्या पदवीसाठी एक पान लिहून मागितलं होतं: पाळक का व्हायचंय? सहा वेळा लिहिलं आणि फाडलं. सगळं गोड आणि खोटं. खरं आहे ते आधी तुला सांगायला पाहिजे होतं.

गेल्या वर्षी आईला माझ्याच वॉर्डात भरती केलं, तेव्हा तू सगळ्यांसमोर म्हणालास, "हिच्या कानात तुझं येशूबिशू घालायचं न्हाई. शपथ घे." मी घेतली.

त्या दुपारी तू एक्स-रे आणायला खाली गेल्तास. आई शुद्धीवर होती. म्हणाली, "बाई, लई भेव वाटून राह्यलं. तुह्या देवाला काई म्हण न माह्यासाठी."

दादा, मी म्हणाले, सलाईन संपत आलंय, दुसरं आणते. सलाईन अर्धं शिल्लक होतं. मी जाऊन औषधांच्या कपाटापाशी उभी राहिले. परत आले तर आई गेली होती.

झोपेत गेली असं तुला सांगितलं. ती जागी होती आणि घाबरलेली होती. तिच्याजवळ कुणी नव्हतं.

शपथेमुळं गप्प राहिले असं वर्षभर मनाला समजावलं. तेही खरं नाही. शेजारच्या खाटेवरची बाई बघत होती, उद्या बोभाटा होईल, नोकरी जाईल, याला मी भ्याले. पिंपळगावच्या रेणुकाई देवीचं नाव घेतलं असतं तरी आईला बरं वाटलं असतं. नुसता हात धरला असता तरी.

तेव्हापासून प्रार्थनेला बसले की तोंडातून शब्द फुटत नाही. चर्चमध्ये ओठ हलवते. अशा बाईनं पाळक व्हायचं? म्हणून परवा दोन वर्षांचा फॉर्म भरून ठेवला. तिथं हे कुणी विचारणार नाही.

काल कांताबाई म्हणून एक म्हातारी शेवटच्या घटका मोजत होती. माझी ड्यूटी संपली होती, पिशवी खांद्याला होती. तिनं माझी ओढणी धरली. मी बसले. प्रार्थना काही सुचली नाही. चार तास तिचा हात धरून बसले, ती जाईपर्यंत.

घरी येऊन चार वर्षांचा फॉर्म भरला. लायक झाले म्हणून नव्हे. दुसरं कुठं जाऊ, मला कळत नाही. त्या पानावर आईचं सगळं लिहिलं आणि आज सकाळी पाठवलं. ते वाचून कदाचित नकोच म्हणतील.

तू माफ कर असं म्हणत नाही. शिव्या द्यायच्या तर फोन करून दे. माझा नंबर तोच आहे.

आईला एकटं सोडलेली, तुझीच बहीण,
साधना