आधार क्रमांक एक

४ फेब्रुवारी १९७४
कोशाचं काम 'म'वर आलं. विदर्भातली कर्ती माणसं, मेलेली, अकारविल्हे. जिवंतांना नोंद नाही, हा आबासाहेबांचा पहिला नियम. दुसरा : प्रत्येक विधानाला दोन छापील आधार. तोंडी माहिती म्हणजे वारा. आबासाहेब (यापुढे आ.) मुख्य संपादक, मी सहायक, आणि तिसरा पंखा. पैकी पंखा बंद आहे.
टपालात नागपुरातल्याच इंदोरा वस्तीतून एक कार्ड. कु. शेवंता मेश्राम, टेलिफोन कचेरीत नोकरी. गेल्या महिन्यात वर्गणीदारांना नमुना म्हणून दहा नोंदी छापून पाठवल्या, त्यात कै. मेंढे गुरुजी होते. बाई लिहितात : "इंदोऱ्यातील मुलींचे वसतिगृह गुरुजींनी स्थापन केले असे आपण म्हणता. ते माझ्या आईने काढले. आई हयात आहे. येऊन विचारावे."
अक्षर सुरेख. आ. म्हणाले, "फाइलला लावा."

७ फेब्रु.
कार्डवाली स्वतः आली. चाळिशीची असावी. बसा म्हटलं तरी उभीच. म्हणाली, "आधार दाखवा साहेब."
दाखवले. आधार १ : इथल्या दैनिकातली गुरुजींची मृत्युवार्ता, आमच्या कार्डावर तिची फक्त तारीख. आधार २ : वर्षभरानं निघालेला स्मृतिअंक. तिनं दुसरा मोठ्यानं वाचला. "वस्तीच्या दारी शिक्षणाची गंगा आणली... गंगा कुठची साहेब? वस्तीत नळ बी नव्हता. माय विहिरीवरून पाणी आणे पोरींसाठी."
नियम समजावून सांगितला. छापलेलं हवं, दोन ठिकाणी. तिनं पर्स बंद केली. "मंग माह्या मायनं वसतिगृह नाही, छापखाना काढाले पाहिजे होता." गेली. आ. आतल्या खोलीतून सगळं ऐकत होते, त्यांनी फक्त खाकरून घेतलं.
ते 'वस्तीच्या दारी गंगा' मात्र कानात राहिलं. कुठंतरी आधी भेटलेलं वाक्य आहे.

११ फेब्रु.
दैनिकाच्या कचेरीत जाऊन जुनी फाइल काढली. तिथं मी अकरा वर्षं उपसंपादक होतो, अजून चहा विचारतात. मृत्युवार्ता सापडली. खाली नाव नाही, नसतंच. पण वाक्य माझं आहे. गंगाही माझीच.
आठवलं सगळं. दुपार, पान छपाईला सुटायला अर्धा तास. गुरुजींच्या पुतण्याचा फोन. तो एवढंच म्हणाला होता की वसतिगृहाचं सारं काका पाहायचे. 'स्थापना केली' हे मी घातलं. मृत्युवार्तेत माणसानं काहीतरी स्थापन केलेलं असावं लागतं, नाहीतर मजकूर बोडका दिसतो. त्या काळात नागपुरात माझ्या हातून बऱ्याच जणांनी बरंच काही स्थापन केलं असणार.
मग स्मृतिअंक शेजारी ठेवून पाहिला. परिच्छेदच्या परिच्छेद उचललाय, स्वल्पविरामासकट. म्हणजे दोन आधारांचा एकच आधार, आणि तो मी.

१३ फेब्रु.
आ. ना सांगितलं नाही. काल सर्दी होती, आज त्यांच्याकडे पाहुणे. सबबी बऱ्या सापडतात.
सौ. नं जेवताना हटकलं, "काहून असे गप्प बसून राहिले?" सांगितलं. ती म्हणाली, "मग सांगून टाका नं. तुम्हीच लिहिलं, तुम्हीच खोडा." तिला कोशाचं काम ठाऊक नाही. लिहिणं आपल्या हातात असतं, खोडणं नसतं.

१७ फेब्रु., रविवार
इंदोरा. मला दारात पाहून शेवंताबाईंना आश्चर्य वाटलं, पण त्यांनी दाखवलं नाही. "जय भीम. या." आई, लहानूबाई, सुपात लाखोळीची डाळ पाखडत होत्या. पाऊणशेच्या पुढं. दोन खोल्यांचं घर, तेच वसतिगृह होतं. भिंतीत कमरेच्या उंचीवर खुंट्यांची रांग. पोरींची दप्तरं.
किती मुली असत? "मोजल्या नाही कधी. भाकरीवरून समजे."
मेंढे गुरुजींचं विचारलं. "गुरुजी मौद्याले मास्तर होते. तिकडून पोरी धाडत शिकाले. लय चांगला माणूस. त्याचं नाव खराब करू नका बरं. पण धाडणारा येगळा अन् ठेवणारा येगळा."
मग दारावरच्या जुन्या पाटीवर त्यांचं नाव कसं? "मांगून आली पाटी. गुरुजी नागपूरले आले तवा. सरकारी कागदाले सही लागे. माहा आंगठा."
एवढं बोलून त्यांनी सूप खाली ठेवलं. "पण मले सांगा, गुरुजीनं काढलं म्हणून तुमाले कोनं सांगतलं?"
मी म्हणालो, पेपरात होतं.
लाज वाटली. बिनदुधाचा चहा होता, चांगला होता, अर्धा टाकून उठलो.

२५ फेब्रु.
शेवंताबाईंच्या सांगण्यावरून मुलींच्या शाळेत गेलो. मुख्याध्यापिकाबाईंनी जुनं दाखल-खारीज रजिस्टर काढून दिलं. मुली निरनिराळ्या आडनावांच्या, निरनिराळ्या गावांच्या, आणि 'पालकाचे नाव' या रकान्यात पानोपान : लहानूबाई मेश्राम. लहानूबाई मेश्राम. लहानूबाई मेश्राम. प्रत्येकीपुढं निळा अंगठा. पहिल्या पानांवरचे अंगठे उठले त्या वर्षी गुरुजी मौद्यालाच होते. हे तर स्मृतिअंकातही छापलंय, नोकरीच्या यादीत.
इतकी वर्षं कागद चाळतोय, पण असा पुरावा हाताखालून गेला नाही. बराच वेळ रजिस्टर मिटवेना. शिपाई शाळा बंद करायला आला तेव्हा उठलो.

२ मार्च
आ. ना सांगितलं. सगळं : फोन, अर्धा तास, गंगा, रजिस्टर.
ऐकून घेतलं. चष्मा पुसला. मग :
"रजिस्टर छापील आहे?"
नाही.
"म्हातारीचं म्हणणं?"
तोंडी.
"आणि तुमचं हे?"
म्हटलं, लिहिणारा मीच होतो.
"तेही तोंडीच, गोविंदराव. मृत्युवार्ता छापील आहे. तुम्ही आज ती मागे घेता, ते छापील नाही."
म्हटलं, गुरुजी मौद्याला होते हे तरी छापील आहे. तर म्हणाले, "दोन्ही गोष्टी छापील आहेत. कोश भांडणं सोडवत नाही."
मग आवाज उतरवून, "अकरा वर्षांत मृत्युवार्ता किती लिहिल्या तुम्ही? त्यातल्या आपल्या कार्डांवर आधार म्हणून किती? एक वीट काढलीत तर मला खंड मागे घ्यावा लागेल. सात वर्षं घातलीयेत मी यात."
खरं बोलत होते. घाबरलेत. त्यांना इतकं घाबरलेलं मी प्रथमच पाहिलं, आणि रागाचा वर्षाव करायचं ठरवून गेलो होतो ते राहूनच गेलं. कार्डं मोजायला बसलो नाही. हिंमत झाली नाही म्हणा.

९ मार्च
तीन दिवस खर्डा करून दैनिकाला पत्र दिलं. चार ओळी. सदर मृत्युवार्ता मी लिहिली होती. वसतिगृह गुरुजींनी स्थापन केल्याचे विधान मी चौकशी न करता केले. ते श्रीमती लहानूबाई मेश्राम यांनी आपल्या राहत्या घरी सुरू केले. शाळेचे रजिस्टर मी पाहिले आहे. खाली पूर्ण नाव.
तिथला जुना सोबती वाचून हसला. "अबे, दहा वर्षांपूर्वी मेलेल्याची दुरुस्ती आता? लोक म्हणतील याचं डोकं फिरलं." म्हणालो, छाप. "जागा राहिली तर." या धंद्यातलं हे उत्तर मीही शेकडो लोकांना दिलंय.

१५ मार्च
पत्र नाही. ऊन तापायला लागलं. 'म'चे खिळे जुळवून फर्मा झाला, महाल भागातल्या छापखान्यात तयार आहे. गुरुजी डाव्या पानावर, मधोमध.

२१ मार्च
छापलं. वाचकांच्या पत्रांत, तळाशी, खाली केशतेलाची जाहिरात. बसस्टॉपवर दोघांनी विचारलं, प्रकृती बरी आहे ना. सौ. नं कात्रण कापून देवाच्या फळीवर ठेवलं, ते मला बरं वाटलं. का ते सांगता येणार नाही.
आ. नी कचेरीतल्या अंकातलं कात्रण दोनदा वाचलं. कार्डाला टाचणी लावली. नियमाचा माणूस आहे, नियमातून सुटका त्याच्याही नशिबी नाही. म्हणाले, "हा एक झाला. दुसरा आणा, वाक्य बदलतो. सोमवारी फर्मा मशीनवर जाईल."

२३ मार्च, शनिवार
सकाळी छापखान्यात जाऊन फोरमनला सांगितलं की 'म' माझ्या सहीशिवाय चढवायचा नाही. तो म्हणाला, आबासाहेब बोलले का? मी मान हलवली. कशी हलवली हे त्यानं बघितलं नाही.
दुपारी इंदोऱ्याला. शेवंताबाईंना खरं ते सांगितलं. एक आधार आहे, दुसरा पाहिजे, दोन दिवसांत मिळण्याजोगा मला दिसत नाही. त्या चिडतील वाटलं होतं. त्या आईकडे पाहत राहिल्या.
लहानूबाई खाटेवर बसून ऐकत होत्या. मी लिहिलेली मृत्युवार्ता, माझं पत्र, दोन्ही लेकीनं त्यांना वाचून दाखवलंय. आज म्हणाल्या,
"मी मेली का पेपरात येईन नं?"
शेवंताबाई म्हणाल्या, "माय, काहून असं बोलतं वं?"
"तू थांब. साहेब, येईन का नाही? मंग थो दुसरा झाला. अन् मेलेल्याचंच घेता म्हणे तुम्ही, थे बी जमलं." मग माझ्याकडे नीट बघून, "तुम्हीच लिहजा. पण या बारीनं इचारून लिहजा. आता बसा, इचारा."
वही काढली. किती वेळ तरी विचारत होतो. पहिल्या मुलीचं नाव त्यांना आठवेना, दुसरीचं आठवलं.
आ. ना फर्मा अडवल्याचं अजून सांगितलेलं नाही. सोमवारी दहाला ते छापखान्यात येतील.